स्क्रू मारलेली खिडकी

चहात केस निघाला. सलग तिसऱ्या कपात. लेखकमहाशयांनी तो दोन बोटांत धरून खाणावळवालीच्या नाकासमोर नाचवला.

"सॉरी हं साहेब," ती म्हणाली आणि तोच कप पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

लेखकमहाशय 'अस्पर्श ठिकाणं' नावाचं सदर चालवत. पर्यटक म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. त्याच पर्यटकांना नव्या जागा दाखवायचा पगार घेताना मात्र त्यांना कधी संकोच वाटला नाही. अलीकडे जागाच संपत आल्या होत्या. शुक्रवारपर्यंत काही दिलं नाहीत तर सदर बंद, असं संपादकांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून तर ते दिवसातून एकदाच येणाऱ्या बसने, कंबर धरत, डोंगरमाथ्यावरच्या या चाळीस घरांच्या गावात आले होते.

आणि मिळालं काय? धुराने कोंदलेली खोली. गाठी झालेली गादी. एकुलत्या एका खिडकीवर फळी आणि तिला आठ स्क्रू.

"काच फुटलीय," खाणावळवाली म्हणाली.

"पण बाहेर दिसतं काय?"

"भिंत."

कड्याकडची वाट विचारली तर पोस्टमास्तर म्हणाला, दरड कोसळलीय. झरा विचारला तर आटलाय. कुणी हसलं नाही, कुणी 'बसा' म्हटलं नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं पुटपुटत लेखकमहाशयांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी बॅग भरली. फोनला रेंज फक्त बसथांब्याच्या वळणावर येई. तिथे उभं राहून त्यांनी लेख धाडला: 'इथे चुकूनही जाऊ नका'. शिव्या अगदी मनापासून घातल्या होत्या. पाच मिनिटांत संपादकांचं उत्तर आलं. झकास, सदर चालू राहील. लेखकमहाशय गालातल्या गालात हसले आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की चार्जर खोलीतच राहिलाय. बस सुटायला अर्धा तास होता.

खाणावळीशी येऊन ते थबकले. धुराचा मागमूस नव्हता. ओट्यावर अर्धं गाव उन्हात पाय पसरून चहा पीत होतं आणि कुणीतरी त्यांच्या कंबर धरून चालण्याची नक्कल करत होतं. त्यांना पाहताच हसू जागच्या जागी विरलं. ते तरातरा खोलीत गेले. पोस्टमास्तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खिडकीशी उभा होता. आठवा स्क्रू निघाला, फळी खाली आली.

भिंत कुठली! पायाशी दरी होती, दरीत ढग होते आणि ढगांतून डोंगरांच्या रांगा वर आल्या होत्या. कड्याकडे धडधाकट वाट जात होती. आटलेला झरा तिच्या कडेने खळखळत होता. लेखकमहाशयांच्या तोंडाला पाणी सुटलं.

मग त्यांचं लक्ष फळीच्या मागच्या बाजूकडे गेलं. तिथे वर्तमानपत्राचं एक पिवळं पान चिकटवलेलं होतं. त्यावर त्यांचाच फोटो होता, डोक्यावर केस असतानाचा. खाली त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख, खालच्या तळ्याकाठच्या गावावरचा. आता तिथे नुसती हॉटेलं होती. लेखकमहाशयांनी स्वतः तिथे पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. गर्दी त्यांना सोसत नसे.

"अहो बाई, हे आधी का नाही दाखवलंत?" त्यांनी घाईघाईने फोन बाहेर काढला. "थांबा, आत्ता जाऊन लेख बदलतो. असं लिहितो की तुमचं नशीबच उघडेल!"

खाणावळवालीने चार्जर त्यांच्या हातात ठेवला.

"आम्ही त्या तळ्याकाठचेच, साहेब. तुम्ही एकदा आमचं नशीब उघडलंत, म्हणून सगळे इथे वर आलो. जरा बाहेर बघा. याच्या वर आता डोंगर नाही."