उंबऱ्यावरचं ऊन

बाळंतपणात गेलेली सून हडळ होऊन परतू नये, म्हणून शालिनीताई उंबऱ्यावर मोहरी टाकत होत्या. सुनेची बहीण मृणाल संतापली.

“दवाखान्यात वेळेवर नेलं नाहीत, आणि आता तीच हडळ? काकू, मेक्सिकोतले अ‍ॅझटेक लोक अशा बायकांना रणात पडलेल्या वीरांचा मान देत. दुपारनंतर याच बायका सूर्याला मावळतीकडे नेतात, असं मानत.”

“आपल्या ग्वाल्हेरात नाही चालत ते,” शालिनीताई फणकारल्या.

संध्याकाळी बाहेर इंदरगंजातल्या रस्त्यावरचे दिवे लागले, आभाळ काळवंडलं. दुपारी उंबऱ्यावर पडलेलं ऊन मात्र हललं नाही. उलट तापत गेलं. मोहरी तडतडू लागली.

“मृणाल, बंद कर गं हे!”

“मी काहीच करत नाहीये, काकू.”

ऊन उंबरा ओलांडून शालिनीताईंच्या पावलांपर्यंत आलं.