वाडग्यातून गेलेली रेघ

मुचानेताची थोरली लेक नांदायला गेली, त्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मुचानेता जैरोसीच्या आवारात खुंट्या ठोकत होती आणि जैरोसी ओट्यावर बसून कुत्र्याला हाका मारत होता.

"वेंगाई! ए वेंगाई!"

वेंगाई म्हणजे 'करा, खुशाल द्वेष करा'. चिमानिमानीच्या डोंगरात जे तोंडावर बोलता येत नाही ते माणसं कुत्र्याच्या नावात घालून बोलतात. कुत्रं तर त्याच्या पायाशीच झोपलेलं होतं.

जैरोसी तिचा चुलत दीर. त्याचं रान वर, तिचं खाली. वादळाच्या पावसात आपला मका वाचवायला त्याने चराचं तोंड फोडून तिच्या बाजूला वळवलं होतं. त्या पाण्याने तिच्या शेतात माणूस बुडेल एवढी घळ पाडली. तिच्या नवऱ्याची कबर त्या घळीत गेली. जैरोसी साधा भेटायलाही आला नाही.

तरी आज ती त्याचीच जमीन आखत होती, कारण आंबुया एस्नातीची, म्हणजे एस्नाती आजीची, तशी अट होती. ही म्हातारी खोऱ्यात पर्माकल्चर, म्हणजे पाणी-माती धरून ठेवणारी शेताची आखणी, शिकवायची. सगळं शिकवून झालं की शिकणाऱ्याला विचारायची, "या डोंगरावर तुला सगळ्यांत जास्त कोण खुपतं?" नाव सांगितलं की म्हणायची, "मग त्याचीच जमीन आख. जमली तर तू आखणीदार. नाही जमली तर घरी जाऊन भाजी लाव." जैरोसीची विहीर आटली होती, म्हणून तोही हो म्हणाला होता.

मुचानेताने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, याचं घर पाण्यात घालायचं. चर बोटभर कलता ठेवला की झालं, दोन पावसांत भिंत बसते. पण कुठूनही कलती रेघ आखली तरी पाणी त्याचं घर भिजवून शेवटी तिच्याच दारात उतरत होतं. तिने दातओठ खाल्ले आणि नुसती बघत राहिली. त्याची गुरं कुठे बसतात, तो स्वतः खोकत कुठे उभा राहतो, कुठली माती पायाखाली दगडासारखी वाजते, गेल्या पावसाचा गाळ कुठवर आला होता. अख्खा कोरडा हंगाम तिने त्याच्या जमिनीवरून नजर काढली नाही. आणि मग तिला हवं ते सापडलं.

आंबुया काठी टेकत वर आली. खुंट्यांची रांग बघत चालता चालता थबकली. रांग सरळ गुरं कोंडायच्या वाडग्यातून गेली होती.

जैरोसीनेही तेव्हाच पाहिलं. तो ओट्यावरून उतरला.

"ए बाई, डोळे फुटले का? माझ्या आजोबाचं वाडगं आहे हे!"

"हलवावं लागेल, भाऊजी. इथे चर येणार, खड्डे येणार. खड्ड्यांत केळी."

"आजोबाच्या वाडग्यात केळी? उद्या माझ्या ताटात माती वाढशील!"

"माझ्या ताटात तुम्ही वाढलीच की. गुरांनी तुडवून तुडवून ही जागा तव्यासारखी झाली आहे. थेंब मुरत नाही. सगळं पाणी इथूनच सुटतं."

जैरोसीने एक खुंटी उपटली आणि लांब भिरकावली. मुचानेताने ती उचलून आणली आणि त्याच भोकात ठोकली.

"खुंटी कुणीही उपटेल, भाऊजी. पाणी उपटून दाखवा."

"आंबुया, ऐकलं का? ही सूड उगवते आहे माझ्यावर!"

आंबुयाने समतल बघायची तीन काठ्यांची तिकोनी चौकट मागून घेतली आणि एका खुंटीपासून दुसरीपर्यंत चौकटीचे पाय टेकवत गेली. प्रत्येक ठिकाणी चौकट फिरवून, पायांची अदलाबदल करून पुन्हा बघितलं. दोरीला बांधलेला दगड दर वेळी मधल्या खुणेवरच येऊन थांबला.

"रेघ खरी आहे, जैरोसी," ती म्हणाली. "ती घळ वर सरकते आहे, दिसत नाही का तुला? आज तिच्या शेतात आहे, उद्या तुझ्या चुलीपाशी येईल. पाणी इथेच अडवायला हवं."

जैरोसी खाली घळीकडे बघत उभा राहिला. मग तोंडातल्या तोंडात शिवी देत घरात गेला.

आंबुया मुचानेताकडे वळली. "आता तू सांग. ही रेघ सूड म्हणून आखलीस का आखणी म्हणून?"

"सूड म्हणून."

"आणि तुझ्या सख्ख्या भावाचं वाडगं असतं तर?"

मुचानेताने कपाळावरचा घाम पुसला. "तर त्याला वळसा घातला असता. भावाची जमीन इतकी बघितलीच नसती मी."

"म्हणजे भावाला बुडवलं असतंस." म्हातारीने चौकट तिच्या हातात दिली. "उद्यापासून भावाच्या रानात जा. या जमिनीएवढंच ते बघ. मग सांगते, तू आखणीदार आहेस का नाही."

जैरोसीने वाडगं स्वतःच्या हाताने उपटलं, कुणाला बोट लावू दिलं नाही. चर झाले, केळी लागली. तिसऱ्या पावसानंतर त्याची विहीर भरली, आणि खाली मुचानेताच्या घळीत झरा फुटला. ती सकाळी तिथे भांडी घासायला बसायची. एकेक पातेलं दगडावर असं आपटायची की वरच्या ओट्यापर्यंत आवाज जावा. आजोबाच्या वाडग्यातल्या केळ्यांना जैरोसीने शेवटपर्यंत तोंड लावलं नाही. झरा फुटला त्याच्या दुसऱ्या वर्षी, मक्याची कणसं खुडून झाल्यावर, जूनमध्ये, त्या डोंगरातल्या ऐन हिवाळ्यात, तो वारला.