कॉफीचं जातं

"तुमीच माझ्या पोराला टॉवरवरनं पाडलं, आन् आता मेल्या हातानं त्याला परत वर चढवताय."

रहिमतपूर सुटल्यापासून नाथाजी हे वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होता. सांगलीच्या साहेबापुढं ते अडखळून चालणार नव्हतं. एसटीत शेजारी मुलगा वीरधवल, खिडकीशी सून शिवांजली, आणि नाथाजीच्या मांडीवर पिशवी. पिशवीत कॉफीचं जातं.

जातं हे नाव त्याचंच. स्टीलचा वीतभर नळा, वर दांडा. वरनं बिया टाकायच्या, दांडा फिरवायचा, खाली पूड पडते. वीरधवल विजेचे टॉवर उभे करणाऱ्या एका कंपनीत होता. चिकमगळूरच्या डोंगरात तारा ओढताना त्याला कॉफीची चटक लागली, आणि तेव्हापासून हे जातं त्याच्या सामानातनं गावोगाव हिंडलं. मागच्या उन्हाळ्यात वर असताना दोर निसटला. जीव वाचला, उजवा हात मनगटापासनं लुळा पडला.

कंपनीनं दवाखाना केला, तोही उपकार केल्यासारखा. आणि आता सांगलीच्या ऑफिसात बोलावून, हात तपासून पुन्हा टॉवरच्या कामावर घ्यायचं म्हणत होती. वीरधवलनं जेवता जेवता हे सांगितलं तसं नाथाजीनं ताट पुढनं सारलं. चढायला माणसं मिळेनात तर लुळाही चालतो ह्यांना. पडला तर पडला, ह्यांना काय त्याचं.

वर्षभर त्यानं पोराला काडी उचलू दिली नव्हती. शर्टाची बटणं तो लावायचा, भाकरी तो कुस्करून द्यायचा, रानाकडं पाऊल टाकू द्यायचा नाही. कॉफी तेवढी सून दळायची. रोज सकाळी सोप्यात बसल्या बसल्या त्याला सैपाकघरातनं घरघर ऐकू यायची. वीरधवल कॉफीची वाट बघत आतच बसलेला असायचा. नाथाजी मात्र कधी आत गेला नाही. सून चुलीपाशी असताना सासऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही, ही त्या घरची रीत. सुरुवातीला ती घरघर अडखळायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. अलीकडं एकसारखी येत होती. शिकली बिचारी, असं त्याला वाटायचं.

कराडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. वीरधवल म्हणाला, कॉफी घेऊ. चहाच्या गाड्यावरनं उकळतं पाणी आणलं. शिवांजलीनं जातं मागितलं, पण नाथाजीनं दिलं नाही. चारचौघांत सुनेनं दळत बसायचं होय? त्यानं नळा गुडघ्यात आवळला आणि दांडा फिरवायला घेतला. दांडा फिरत होता, पूड काही पडेना. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मान पुढं काढून विचारलं, "पाव्हणं, ह्यातनं तंबाखू निघती व्हय?"

"आबा, उलटं फिरवताय," वीरधवल म्हणाला आणि त्याचा हात पुढं आला.

"तू ऱ्हाऊ दे. दुखंल."

हात मागं गेला. शिवांजलीनं पदर तोंडाला लावला, हसली असावी. नाथाजी घामाघूम झाला, निम्म्या बिया फरशीवर सांडल्या आणि जो काही चिखल तयार झाला तो वीरधवल मुकाट्यानं प्यायला.

सांगलीच्या ऑफिसात साहेब या-बसा म्हणायच्या आत नाथाजीनं वाक्य टाकलं. अडखळलं नाही. मग थांबणं त्याला जमेना. मालकाची पोरं चढतात का कधी टॉवरवर, असं त्यानं विचारलं. घरचा ऊस आहे, दावणीला म्हशी आहेत, माझं पोरगं जन्मभर बसून खाईल, तुमच्या नोकरीवर थुंकतो म्हणाला. त्याला धड कप धरता येत नाही, त्याची कॉफीसुद्धा सून दळते. बिनकामाचा म्हणून सांगा आणि मोकळं करा.

साहेब चिडला नाही. तो वीरधवलकडं बघत राहिला. वीरधवल भिंतीकडं बघत होता.

"काका, आम्ही नाही बोलावलं ह्याला," साहेब म्हणाला. "आम्ही तर ऑफिसात बैठं काम देत होतो. ह्याचाच फोन आला. हात चांगला झालाय, टॉवरवरच घ्या म्हणून मागं लागलाय."

"चांगला झाला? कशानं?"

"रोज कॉफी दळून, असं सांगत होता."

नाथाजी हसला. "आवं सायब, ती तर आमची सून दळती."

त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. शिवांजली पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

"म्या कवाच न्हाई दळली, मामंजी," ती म्हणाली. "त्येच दळत्यात, त्याच हातानं. मी नुसती चुलीपाशी उभी ऱ्हायाची, तुमी आत येऊ ने म्हणून."

नाथाजीनं सुनेकडं पाहिलं, मग पोराकडं. साहेबाकडं पाठ करून तो वीरधवलच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"माझ्या घरापरीस तुला त्यो टॉवर बरा वाटतो व्हय रं? बोल."