डगमगत्या विजेची भट्टी

सौर वादळांचा तिसरा महिना होता. जगभरची वीज सारखी कमीजास्त होत होती आणि मोठमोठे कारखाने बंद पडले होते. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मात्र पाण्याच्या पंपांचे भाग रोज ओतले जात होते. तिथली भट्टी सांभाळणाऱ्या शालन लोहारला मॅनेजर मगदूमसाहेबांनी पडद्यासमोर बसवलं. पलीकडे जर्मनीतले इंजिनिअर होते. पंप बंद पडल्याने त्यांच्या शहराला पाणी नव्हतं आणि पंपांचे भाग ओतायला घेतले की भट्टीतलं लोखंड सारखं गोठत होतं.

"तुम्ही कोणतं यंत्र बसवलंय?" त्यांचा प्रश्न भाषांतर होऊन मराठीत ऐकू आला.

"यंत्र कसलं? आमची वीज वीस वर्षं अशीच आहे," शालन म्हणाली. "भट्टीचा आवाज उतरला की भंगार टाकायचं थांबवा, झाकण लावा. आणि वितळलेल्या लोखंडाचा थोडा रस तळाशी राखा."

दुपारपर्यंत ती त्यांच्या भट्टीचा आवाज ऐकत, सांगत राहिली. शेवटी म्हणाली, "आता ओता."

पडद्यावर लालभडक रस साच्यात उतरला. तिकडचे सगळे तिच्यासाठी उभे राहिले.

"शालनताई," मगदूमसाहेब हळूच म्हणाले, "विजेमुळे उत्पादन कमी, असं मी दरवर्षी अहवालात लिहिलं. तरी भट्टी चालू ठेवली ती तुम्ही, पण तुमचं नाव कधीच लिहिलं नाही."

"मग आज लिहा की साहेब. शालन दत्तात्रय लोहार."