पातेल्याला खेटून

डिशवॉशरचं दार उघडताच बाबांनी कपाळाला हात लावला.

"अगं, काचेचे ग्लास पुन्हा खाली, पातेल्याला खेटून! तडा जाईल एखाद दिवशी. वरच्या कप्प्यात, एकमेकांना न टेकवता लावायचे. कितीदा सांगायचं?"

"नाही बाई राहत माझ्या लक्षात," आई म्हणाली. मग बाबांनी शेजारी उभं राहून एकेक ग्लास वर लावत तिला सगळं पहिल्यापासून समजावलं.

ते हात पुसत बाहेर गेले, तशी माहेरी आलेल्या लेकीने आईला गाठलं. "माझ्याकडे तर कसे शिस्तीत लावत होतीस! वर मलाच झापलंस."

"हळू बोल. रिटायर झाल्यापासून तेवढ्यासाठीच उठतात ते टीव्हीसमोरून."

लेकीच्या पोटात काही राहीना. ती बाबांच्या कानाशी लागली, "आई मुद्दाम चुकीचं लावते, माहितेय?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. "हळू बोल. म्हणून तर मी निघताना दोन ग्लास तसेच सोडून येतो."

तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, हे दोन टेकलेत एकमेकांना. येताय ना?"