शैलजाची साक्ष

भ्रूणपेशींच्या उपचारांवर बंदी घालावी का, हे ठरवणाऱ्या समितीपुढे शैलजा आगवणे बसली होती. मूल व्हावं म्हणून गोठवून ठेवलेला शेवटचा भ्रूण तिने संशोधनाला दिला होता. त्याच्या पेशींमुळे कमरेखाली लुळा पडलेला दस्तगीर गवंडी पुन्हा चालू लागला होता. तो मागच्या बाकावर होता.

अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या लेखी तो नुसता पेशींचा गोळाच होता ना?"

"नाही हो. मी त्याचं नाव ठेवलं होतं."

"मग दिलात कसा?"

"माझ्या पोटी तो रुजणार नव्हता. पण फेकून देववेना."

दस्तगीर उठला आणि चालत तिच्याजवळ आला. "ताई, काय नाव ठेवलं होतं?"

"चिन्मय."

अध्यक्षांनी त्याला खाली बसायला सांगितलं नाही. बंदीचा ठराव त्या दिवशी मताला टाकलाच नाही.