खाली बस

कॅल्गरीच्या मराठी घरात वाढलेल्या शार्दूलने वीस वर्षं अमेरिकेत टीव्हीवरच्या कुस्तीत खलनायक रंगवला. "खाली बस!" म्हणून तो प्रेक्षकांवर खेकसला की अख्खं स्टेडियम चिडून उभं राहायचं. निवृत्तीनंतर एकदा तो अर्विंग शहरातल्या इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडत होता. एक काकू काकांची व्हीलचेअर ढकलत आल्या. "हे टीव्हीसमोर उभं राहून तुम्हाला शिव्या घालायचे. हॉस्पिटलमधून आल्यापासून मात्र उठतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, पाय ठणठणीत आहेत." शार्दूलने वाकून नमस्कार केला. "काका, लवकर बरे व्हा." काका भेंडीकडेच बघत राहिले. "गोड नका बोलू हो," काकू पुटपुटल्या. "तसं सगळेच बोलतात." शार्दूल सरळ झाला. त्याने छाती फुगवली, बोट रोखलं. "ए म्हाताऱ्या, खाली बस!" काकांच्या कपाळावर आठी उमटली. मग त्यांचे पाय हळूहळू चपला शोधू लागले.